टॉर्क कन्व्हर्टर बदलायचाय? आधी पट्टी घ्या, मग पाना

ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उतरवून पुन्हा चढवला, गाडी सुरू केली आणि गिअरबॉक्सचा तेलपंप फुटला, अशी तक्रार आली की नव्वद टक्के वेळा गोष्ट तीच निघते. टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे क्लचच्या जागी बसून इंजिनची ताकद तेलामार्फत गिअरबॉक्सला देणारा गोल डबा, पूर्ण आत बसलेला नव्हता आणि उरलेलं अंतर बोल्ट आवळून मिटवलं होतं. पार्ट चांगला, तेल कंपनीचं, हात सरावलेला, तरी काम मातीत. मॅन्युअल गिअरबॉक्सवर वर्षं घालवलेल्या कारागिरांकडून हे जास्त होतं, कारण तिथे शेवटचं बोटभर अंतर बोल्टने ओढून घ्यायची सवय असते आणि बहुतेक वेळा ती खपूनही जाते.

हा लेख ऑटोमॅटिकच्या कामात नवीन असलेल्या मेकॅनिकसाठी आहे. काम दुसऱ्याकडून करून घेणाऱ्या गाडीमालकांनीही पहिल्या तीन पायऱ्या वाचाव्यात, पैसे तिथेच वाचतात.

१. गाडीत टॉर्क कन्व्हर्टर आहे ना, हे बघा

आपल्याकडे दोन पेडलची गाडी दिसली की सगळेच ‘ऑटोमॅटिक’ म्हणतात. पण मारुतीची एजीएस किंवा टाटाची एएमटी म्हणजे आत साधा मॅन्युअल गिअरबॉक्स आणि साधी क्लचप्लेट, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम मोटर किंवा हायड्रॉलिक युनिट करतं. डीसीटी किंवा डीएसजीमध्ये दोन क्लच असतात. यांत टॉर्क कन्व्हर्टर नसतोच.

घोळ होतो तो एकाच नावाच्या गाड्यांत. स्कोडा स्लाव्हियाच्या १.० लिटर इंजिनला सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टरवाला बॉक्स, तर १.५ लिटरला सात गिअरचा डीएसजी. क्रेटामध्येही डिझेलला टॉर्क कन्व्हर्टर आणि टर्बो पेट्रोलला डीसीटी. सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेला बॉक्स) म्हटलं की कन्व्हर्टर नसणार असंही धरू नका. होंडा सिटीच्या सीव्हीटीत तो आहे. म्हणून फोनवर ‘क्रेटा ऑटोमॅटिक’ एवढंच ऐकून पार्ट सांगू नका. इंजिन कोणतं, साल कोणतं, हे विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही.

२. दोष कन्व्हर्टरचाच आहे का?

गिअरबॉक्स उतरवणं हे दिवसभराचं काम. त्याआधी तासभर निदानाला द्या.

कन्व्हर्टरच्या आत मुख्य चार गोष्टी असतात. इंजिनबरोबर फिरणारा इम्पेलर, गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टवर बसणारा टर्बाइन, दोघांच्या मधला स्टेटर आणि वेग आला की इंजिन थेट गिअरबॉक्सला जोडणारा लॉक-अप क्लच. स्टेटरच्या पोटात एकाच दिशेने फिरणारा क्लच असतो. गाडी उचलताना स्टेटर अडून राहतो आणि परतणाऱ्या तेलाची दिशा बदलून टॉर्क वाढवतो, साधारण दुपटीच्या आसपास. वेग जुळत आला की तोच मोकळा फिरायला लागतो. एवढं डोक्यात असलं की लक्षणं आपोआप वाचता येतात.

गाडी जागेवरून उठताना मरगळलेली, पण एकदा वेग धरला की ठीक: स्टेटरचा क्लच दोन्हीकडे फिरतोय. उलट उचल चांगली, पण हायवेवर दम नाही आणि तेल तापतंय: स्टेटर जाम. ६०-८० च्या वेगाला, हलक्या अ‍ॅक्सिलरेटरवर, रम्बल स्ट्रिपवरून गेल्यासारखी थरथर येत असेल तर बोट लॉक-अपकडे जातं.

लॉक-अपची एक सोपी खूण. थरथर सुरू असताना अ‍ॅक्सिलरेटर तसाच ठेवून डाव्या पायाने ब्रेक पेडलला नुसता स्पर्श करा, दिवा लागेल इतकाच. बहुतेक गाड्यांत त्यासरशी लॉक-अप सुटतो, आरपीएम थोडा वर जातो. थरथर त्याच क्षणी थांबली तर लॉक-अपचीच भानगड आहे. रस्ता मोकळा असेल तेव्हाच करा आणि मागे कोण आहे ते आरशात बघून करा. थरथर सापडली म्हणून लगेच कन्व्हर्टर मागवू नका. आधी तेल बघा. चुकीचं किंवा म्हातारं झालेलं तेल हुबेहूब हीच थरथर देतं, आणि नुसत्या तेलबदलावर सुटणारी गाडी लोक विनाकारण उघडतात.

स्टॉल टेस्ट (गाडी अडवून ठेवून इंजिन किती आरपीएमपर्यंत जातं ते बघणं) करायची असेल तर चाकांना ठोकळे, हँडब्रेक, पायाचा ब्रेक पूर्ण दाबून ‘डी’मध्ये अ‍ॅक्सिलरेटर द्यायचा, पाच सेकंदांच्या वर नाही. आकडा मॅन्युअलशी ताडून बघा. आरपीएम जास्त येतोय तर तेल कमी आहे किंवा गिअरबॉक्सच्या आतले क्लच घसरतायत. तिथे नवा कन्व्हर्टर टाकून काही होणार नाही. कमी येतोय तर इंजिन अशक्त किंवा स्टेटर गेलाय. बऱ्याच नव्या गाड्यांत ईसीयू (गाडीचा कॉम्प्युटर) अशा वेळी इंजिनची ताकद स्वतःच कापतो, त्यामुळे कंपनीने सांगितलेली पद्धत पाहूनच ही टेस्ट करा.

शेवटी चेंबर (गिअरबॉक्सखालचा तेलाचा डबा) उघडून त्यातला चुंबक बघा. करड्या रंगाची मऊ पेस्ट चालते. चकाकणारे तुकडे किंवा पितळी कण दिसले तर एकटा कन्व्हर्टर बदलून भागणार नाही, गिअरबॉक्सही उघडायचा, हे गाडीमालकाला त्याच दिवशी सांगा.

३. जुळणी: बोल्ट बसले म्हणजे जमलं, असं नाही

सगळ्यात जास्त पैसे इथे बुडतात. जुन्या पार्टच्या बाजारातून, म्हणजे कुर्ल्याहून किंवा दिल्लीच्या मायापुरीहून, ‘त्याच गाडीचा’ म्हणून कन्व्हर्टर येतो, तो फ्लेक्सप्लेटवर (क्रँकला जोडलेली पातळ चकती) बसतो, बोल्टही बसतात. आतले दाते मात्र वेगळे.

याचं उत्तम उदाहरण अमेरिकेतलं आहे, कारण तिकडे घरच्या गॅरेजमध्ये गिअरबॉक्स उघडणारे लोक भरपूर. जनरल मोटर्सचा ७००आर४ हा गिअरबॉक्स १९८२ च्या मॉडेलपासून आला. १९८४ पर्यंतच्या बॉक्सच्या इनपुट शाफ्टला २७ दाते, १९८५ पासून ३०. नाव तेच, बाहेरून चेहरा तोच, पण एकाचा कन्व्हर्टर दुसऱ्यात जात नाही. दुसरं उदाहरण त्याच कंपनीच्या एलएस इंजिनांचं. जुन्या स्मॉल ब्लॉकच्या तुलनेत यांच्या क्रँकची मागची फ्लँज साधारण १० मि.मी. आत आहे. त्यामागे जुना टीएच३५० किंवा टीएच४०० गिअरबॉक्स लावला, तर कन्व्हर्टरचं नाक क्रँकपर्यंत नीट पोहोचत नाही. त्यासाठी स्पेसर आणि त्याला साजेशी फ्लेक्सप्लेट मिळते, ती घ्यावीच लागते. तिकडे राहून जुनी शेव्ही उभी करणारे मराठी वाचक असतील, तर ही बाब बॉक्स उचलण्याआधी तपासा.

आपल्याकडे एवढे अदलाबदलीचे प्रयोग होत नाहीत. पण एकाच मॉडेलमध्ये साल बदललं की गिअरबॉक्स बदलतो, हे इथेही होतंच. म्हणून चेसी नंबर आणि गिअरबॉक्सवरच्या पट्टीचा नंबर, दोन्हींचे फोटो काढून विक्रेत्याला पाठवा. पार्ट हातात आला की जुना आणि नवा शेजारी ठेवून व्हर्नियरने मोजा:

- पुढच्या नाकाचा, म्हणजे क्रँकच्या भोकात जाणाऱ्या पायलटचा व्यास
- मागच्या हबचा, म्हणजे गिअरबॉक्सच्या पंपात जाणाऱ्या नळीचा, बाहेरचा व्यास, लांबी, आणि पंप फिरवणारा भाग कसा आहे: खाचा की सपाट कडा
- टर्बाइनच्या आतले दाते, मोजून
- स्टेटरचे दाते, तेही मोजून
- बोल्टच्या जागा किती, त्यांच्या वर्तुळाचा व्यास, आट्यांचं माप
- बोल्टच्या पॅडपासून हबच्या टोकापर्यंतची उंची

दाते मोजताना एकावर मार्करने खूण करा, नाहीतर २९ की ३० हा वाद संध्याकाळपर्यंत चालतो.

मापं सगळी जुळूनही दोन गोष्टी बाहेरून दिसत नाहीत. पहिली, स्टॉल. डिझेल इंजिन खालच्या आरपीएमला ताकद देतं, पेट्रोल वर जाऊन. त्यामुळे कन्व्हर्टरच्या आतल्या पात्यांची रचना त्या त्या इंजिनाप्रमाणे असते. डिझेलचा घट्ट, म्हणजे कमी आरपीएमला पकडणारा, कन्व्हर्टर पेट्रोलला लावला तर सिग्नलवरून उठताना इंजिन दबतं. पेट्रोलचा सैल कन्व्हर्टर डिझेलला लावला तर तो घसरत राहतो आणि तेल तापवतो. दुसरी, लॉक-अपचं लायनिंग. आताच्या गाड्यांत लॉक-अप नुसता लागतो किंवा सुटतो असं नाही; ईसीयू त्याला मुद्दाम किंचित घसरू देतो. त्याला सोसणारं लायनिंग वेगळं असतं. रिकंडिशन करणाऱ्याने साधं चिकटवलं असेल तर थरथर महिन्याभरात परत येते.

रिकंडिशन घेताना म्हणूनच हे विचारा: लेथवर कापून आतलं लायनिंग बदललं का? कोणतं टाकलं? वेल्डिंगनंतर लीक टेस्ट केली का? हब सरळ फिरतो का ते डायल गेजवर बघितलं का? बॅलन्सिंग केलं का? ‘साहेब, एकदम ओके आहे’ हे उत्तर नव्हे. नुसता धुऊन रंग मारलेला कन्व्हर्टरही दुकानात चकचकीतच दिसतो.

४. काय काय लागेल

गिअरबॉक्स जॅक (साध्या जॅकवर लाकूड ठेवून हे काम करू नका), टॉर्क रेंच, व्हर्नियर, एक सरळ लोखंडी पट्टी, डायल गेज, सील बसवायचा ड्रिफ्ट, नवा पंप सील, कंपनीने एकदाच वापरायचे म्हणून सांगितले असतील तर फ्लेक्सप्लेटचे नवे बोल्ट, फिल्टर, चेंबरचं गॅस्केट, आणि त्या गिअरबॉक्ससाठीच सांगितलेलं तेल. टोयोटाचं डब्ल्यूएस, ह्युंदाईचं एसपी-४, होंडाचं डीडब्ल्यू-१ ही एकमेकांच्या जागी टाकायची तेलं नव्हेत. त्या गाडीचं वर्कशॉप मॅन्युअल हवंच. आवळणीचे आकडे आणि कन्व्हर्टरची खोली त्यातूनच घ्यायची. अंदाज नको.

५. उतरवणे

बॅटरीची तार काढा, तेल सोडा, कूलरचे पाइप सोडून तोंडं झाका. स्टार्टर काढल्यावर किंवा खालचं झाकण उघडल्यावर फ्लेक्सप्लेटचे बोल्ट दिसतात. क्रँक पुलीने इंजिन फिरवत एकेक काढा. कन्व्हर्टरचे सगळे बोल्ट आधी, बेलहाउसिंगचे (गिअरबॉक्सचं इंजिनला जोडलं जाणारं रुंद तोंड) नंतर. एक बोल्ट राहिला आणि गिअरबॉक्स मागे ओढला, तर फ्लेक्सप्लेट वाकते, आणि वाकलेली फ्लेक्सप्लेट पुढे तडकते.

बोल्ट निघाले की टॉमीने कन्व्हर्टर गिअरबॉक्सकडे ढकला, तो थोडा मागे सरकला पाहिजे. मगच दोन्ही एकत्र खाली घ्या, आणि बॉक्सचं तोंड किंचित वर ठेवा. तेलाने भरलेला कन्व्हर्टर चांगलाच जड असतो. तोंड खाली गेलं की तो घसरून थेट पायावर येतो.

६. चढवण्याआधीची साफसफाई

हा भाग कंटाळवाणा आहे आणि म्हणूनच उडवला जातो. जुन्या कन्व्हर्टरने सोडलेला सगळा कचरा कूलरमध्ये आणि पाइपांत जाऊन बसलेला असतो. कूलर उलट्या दिशेने फ्लश करा, बाहेर येणारं तेल स्वच्छ होईपर्यंत. धातूचे तुकडे निघाले असतील तर कूलर बदललेला बरा, कारण त्याच्या बारीक नळ्यांतून ते पूर्ण निघत नाहीत.

मग इंजिनच्या मागे बघा. फ्लेक्सप्लेटला बोल्टच्या भोकांजवळ बारीक तडे आहेत का? बेलहाउसिंगच्या दोन्ही डॉवेल पिना (इंजिन आणि बॉक्स नेमके समोरासमोर ठेवणाऱ्या) जागेवर आहेत का? पिन हरवली तरी बोल्टवर गिअरबॉक्स बसतो, गाडीही चालते. पण बॉक्स केसभर बाजूला बसलेला असतो, आणि काही महिन्यांत पंपाचं बुश झिजून पुढच्या सीलमधून तेल ठिबकायला लागतं. मग दोष सीलला दिला जातो. क्रँकच्या भोकातला गंज पॉलिश पेपरने काढा आणि तिथे ग्रीसचा पातळ हात फिरवा.

नवा सील सरळ बसवा, त्याच्या ओठांना एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) लावा. कन्व्हर्टरच्या हबवरून नख फिरवा. खाच लागली तर तो हब नवा सीलही कापणार.

७. कन्व्हर्टर आत बसवणे

इथे घाई नको. फोन बाजूला ठेवा.

आधी कन्व्हर्टर उभा ठेवून हबमधून साधारण लिटरभर नवं तेल ओता. थोडं ओतायचं, हलवायचं, पुन्हा ओतायचं. कोरडा कन्व्हर्टर लावला तर सुरू होताच पहिले काही क्षण पंप आणि लॉक-अप तेलाविना घासतात.

गिअरबॉक्स शक्यतो तोंड वर करून उभा ठेवा. जमत नसेल तर आडवा चालतो, पण वजन दोन्ही हातांनी तोलावं लागतं. हबचा भार सीलवर पडू द्यायचा नाही. आता कन्व्हर्टर शाफ्टवर सरकवा आणि हलकं आत दाबत दोन्ही दिशांना फिरवा. तीन ठिकाणी तो बसायचा असतो. टर्बाइनचे दाते इनपुट शाफ्टवर, स्टेटरचे दाते त्याच्या स्थिर नळीवर, आणि हबच्या खाचा पंपाच्या गिअरवर. प्रत्येक वेळी तो ‘टक’ करून एक पाऊल आत जातो. पहिले दोन बऱ्याचदा एका झटक्यातच होतात आणि कळतही नाहीत.

फसवतो तो तिसरा. दोन टप्पे झाले की कन्व्हर्टर गोल फिरतो, हलत नाही, बघणाऱ्याला वाटतं बसला. पण पंपाच्या खाचा अजून धरलेल्या नसतात. फिरवत राहा. शेवटचा टक आला की बोटांना कळतं: आता फिरवताना पंपाचा जडपणा सोबत येतो आणि आतून तेलाचा बारीकसा चुळचुळ आवाज येतो. हातोडी मारायची नाही, कुठेही नाही.

आणि तरीही हातावर विश्वास ठेवू नका. सरळ पट्टी बेलहाउसिंगच्या तोंडावर आडवी ठेवा आणि पट्टीपासून कन्व्हर्टरच्या बोल्टच्या पॅडपर्यंतची खोली व्हर्नियरने मोजा. तीन ठिकाणी मोजा, आकडा मॅन्युअलशी ताडा, खडूने बॉक्सवरच लिहा. आकडा कमी येत असेल तर कन्व्हर्टर काढून पुन्हा सुरुवात.

बसला की बेलहाउसिंगवर आडवी पट्टी बांधून तो अडवून ठेवा. बॉक्स जॅकवर चढवताना तोंड खाली झुकलं तर तो पुन्हा बाहेर सरकतो, आणि मोजलेलं सगळं फुकट.

८. इंजिनला जोडणे

अडवलेली पट्टी अगदी शेवटी काढा. गिअरबॉक्स पुढे सरकवा, डॉवेल पिना भोकांत जाऊ द्या. दोन्ही तोंडं नुसत्या हाताने एकमेकांना चिकटली पाहिजेत. बोटभर फट राहिली की गॅरेजमधला कोणीतरी म्हणणारच, ‘दोन बोल्ट मारा दादा, ओढून येईल.’ येतं, ओढून येतंच. फक्त आत पंपाचा गिअर फुटत असतो. फट राहिली तर मागे घ्या आणि कारण शोधा: कन्व्हर्टर बाहेर आलाय, पाइप किंवा वायर मध्ये आलीय, की पिन अडतेय.

बेलहाउसिंगचे बोल्ट आवळून झाले की लगेच कन्व्हर्टर हाताने फिरवून बघा. तो मोकळा फिरला पाहिजे, आणि फ्लेक्सप्लेट व कन्व्हर्टरमध्ये थोडी फट दिसली पाहिजे. जनरल मोटर्सच्या जुन्या बॉक्सना ही फट ३ ते ५ मि.मी. धरतात, तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमधून घ्या. फट शून्य आणि कन्व्हर्टर जाम? तिथेच थांबा. सुरू करून बघू म्हणू नका. फट फार मोठी असेल तर तेही धोक्याचं: बोल्टने पुढे ओढल्यावर हब पंपातून अर्धवट बाहेर येतो.

आता कन्व्हर्टर पुढे ओढून बोल्ट लावा. सगळे आधी हाताने, मग टॉर्क रेंचने. बोल्ट मूळ लांबीचेच हवेत. डब्यातला तसाच दिसणारा, जरा लांब बोल्ट लावला तर त्याचं टोक कन्व्हर्टरच्या पत्र्याला आतून फुगवटा आणतं. नेमक्या त्याच पृष्ठभागावर आतून लॉक-अपचं लायनिंग दाबलं जातं. मग नव्या कन्व्हर्टरला पहिल्याच दिवसापासून थरथर, आणि कारण शोधत बसा.

९. तेल आणि पहिली सुरुवात

जेवढं निघालं तेवढं मोजून भरा, वर कन्व्हर्टरच्या रिकाम्या भागाचं. गाडी ‘पी’मध्ये सुरू करा, आयडलवरच ठेवा आणि कान द्या. कण्हल्यासारखा आवाज आला तर पंपाला तेल कमी पडतंय, बंद करून तेल वाढवा. खरखर किंवा ठोके आले तर लगेच बंद, कारण सापडेपर्यंत पुन्हा चावी फिरवायची नाही.

ब्रेक दाबून प्रत्येक गिअरमध्ये काही सेकंद थांबत सगळे गिअर फिरवा. मग लेव्हल. बऱ्याच नव्या बॉक्सना डिपस्टिक नसते. इंजिन चालू, गाडी चारही बाजूंनी समपातळीत, आणि तेल ठरावीक तापमानाला आलं की ओव्हरफ्लो प्लग उघडायचा. धार संपून थेंब पडू लागले की लेव्हल बरोबर. तापमान स्कॅनरवर वाचा, हात लावून नाही. गरम तेलावर प्लग उघडला तर जास्त तेल निघून जातं आणि बॉक्स उपाशी राहतो.

१०. रस्त्यावर

स्कॅनर लावून गाडीच्या कॉम्प्युटरने जुन्या कन्व्हर्टरवर शिकलेल्या व्हॅल्यू रिसेट करा, कंपनीने सांगितलं असेल तर रीलर्न (त्या नव्याने शिकवणं) करा. पहिली फेरी शहरात, हलक्या पायाने. लॉक-अप लागतोय का ते इंजिन आरपीएम आणि टर्बाइन आरपीएम शेजारी ठेवून बघा. पूर्ण लागला की दोन्ही आकडे जवळजवळ सारखे होतात. परत आल्यावर बेलहाउसिंगच्या खालच्या कडेला टॉर्च मारून थेंब आहे का बघा, आणि दोन-तीन दिवसांनी गाडी पुन्हा बोलावून तेच बघा.

जुना कन्व्हर्टर लगेच भंगारात देऊ नका. रिकंडिशन करणारे बरेच जण तो परत घेऊनच पैसे कमी करतात. पाठवण्याआधी पूर्ण उपडा करून तेल निथळवा, हबचं तोंड टेपने बंद करा. तेल गळणारी पेटी ट्रान्सपोर्टवाला घेत नाही. आणि गिअरबॉक्सच्या पट्टीचा नंबर बिलावर लिहून घ्या, वॉरंटीचा प्रश्न आला की पहिल्यांदा तोच विचारतात.